फाइलींच्या झाडाला कलम बांधणारे डेनिस रिची

पेनड्राइव्ह संगणकाला लावला की क्षणभरात त्याचे चिन्ह पडद्यावर दिसते. त्यातले फोटो, पत्रे, हिशेब जणू संगणकातच होते, अशा सहजतेने उघडतात. काम संपले की संगणक सांगतो, पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढा. घाईत असलेले बहुतेक जण हा सल्ला कानाआड करतात आणि पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकतात. नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी मात्र फाइल उघडत नाही आणि मग डोक्याला हात लावायची वेळ येते.

या जोडण्या-काढण्यामागे एक क्रिया असते. संगणकाच्या भाषेत तिला ‘माउंट’ करणे म्हणतात आणि उलट क्रियेला ‘अनमाउंट’. वेगळ्या डिस्कवरची फाइलींची सगळी मांडणी संगणकाच्या मूळ मांडणीला जोडायची, कोणत्या जागी जोडायची आणि कोणत्या अटींवर जोडायची, हे ठरवण्याची ही पद्धत आहे. आज ती अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे आणि इंटरनेटचा भार वाहणाऱ्या सर्व्हरमध्येही आहे. ती साधारण ५५ वर्षांपूर्वी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये घडली. ज्या दोघांच्या हातून ती प्रामुख्याने घडली, त्यांपैकी केन थॉम्प्सन यांचे नाव संगणक क्षेत्राबाहेर फारसे कोणी घेत नाही. दुसरे डेनिस रिची. त्यांना जाऊन एका तपाहून अधिक काळ लोटला आहे. ‘सी’ या संगणकभाषेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण त्या भाषेच्या आधी त्यांच्या डोक्यात घोळत होता तो प्रश्न फाइलींचा होता.

वडिलांची प्रयोगशाळा

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टेअर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. बालपण गेले न्यू जर्सीतील समिट या गावात. वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल लॅबोरेटरीजमध्ये संशोधक होते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचिंग मंडलांची रचना हा त्यांचा विषय. त्या विषयावर १९५१ साली निघालेल्या एका महत्त्वाच्या ग्रंथाचे ते सहलेखक होते. म्हणजे ‘चालू की बंद’ या दोनच अवस्थांतून गुंतागुंतीची यंत्रणा कशी उभी करायची, हा विचार घरातच होता.

मुलगा मात्र हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला गेला. तिथे विद्यापीठातल्या युनिव्हॅक संगणकाविषयीचे एक व्याख्यान त्याच्या कानावर पडले आणि ओढा बदलला. १९६३ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने पुढे उपयोजित गणितात संशोधन सुरू केले. गणनक्रियांची काठिण्यपातळी कशी मोजायची, असा तो सैद्धान्तिक विषय होता. पुढे रिची स्वतःबद्दल गमतीने सांगत, की भौतिकशास्त्रज्ञ होण्याइतकी हुशारी नव्हती म्हणून संगणकाकडे वळलो आणि गणिती सिद्धान्तात निभाव लागेना म्हणून संगणकभाषांकडे. यातला विनय सोडला तरी एक गोष्ट खरी होती. कागदावरच्या सिद्धतेपेक्षा प्रत्यक्ष चालणारी वस्तू घडवणे त्यांना अधिक आवडे.

१९६७ मध्ये ते वडिलांच्याच संस्थेत, बेल लॅबोरेटरीजच्या संगणकशास्त्र संशोधन केंद्रात रुजू झाले. हार्वर्डचा प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार होता. पण बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा शेवटचा सोपस्कार त्यांनी केलाच नाही. त्यामुळे पुढे जगभरातून सन्मान मिळवणाऱ्या या माणसाला डॉक्टरेटची पदवी कधीच मिळाली नाही. त्यांनी त्याची खंत केल्याचेही दिसत नाही.

एक मोठा प्रकल्प बुडतो तेव्हा

रिची रुजू झाले त्या वेळी बेल लॅबोरेटरीज ‘मल्टिक्स’ नावाच्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात गुंतली होती. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक हे बाकीचे दोन भागीदार. वीज किंवा टेलिफोनसारखी संगणकाची सेवाही शेकडो लोकांनी एकाच वेळी, आपापल्या जागेवरून वापरावी, असे ते स्वप्न होते. मल्टिक्सने अनेक नव्या कल्पना दिल्या. फोल्डरच्या आत फोल्डर ही झाडासारखी रचना त्यांपैकीच एक. पण प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने त्यातून अंग काढून घेतले.

त्यामुळे रिची, थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी अडचणीत आले. अनेकांनी एकत्र बसून, एकमेकांचे काम पाहत संगणक वापरण्याची सवय लागली होती आणि आता ती सोयच जाणार होती. नवा मोठा संगणक घेऊन द्या, अशा त्यांच्या मागण्या वरिष्ठांनी एकामागून एक नाकारल्या. मल्टिक्सने पोळलेल्या संस्थेला पुन्हा तशाच कामावर पैसा घालायचा नव्हता.

तेव्हा १९६९ मध्ये थॉम्प्सन, रड कॅनडे आणि रिची हे तिघे फळ्यावर खडूने आणि हाती येईल त्या कागदावर एका नव्या फाइल व्यवस्थेचा आराखडा मांडू लागले. हाती यंत्र नव्हते, पैसा नव्हता. पुढे या दिवसांचा वृत्तान्त लिहिताना रिची यांनी श्रेय अगदी मोजून वाटले आहे. आराखड्याचा बराचसा भाग थॉम्प्सन यांचा आणि मुळात फाइल व्यवस्थेचा विचार करण्याची ऊर्मीही त्यांचीच, असे त्यांनी नोंदवले. स्वतःकडे त्यांनी एकच कल्पना घेतली, ती उपकरण-फाइलींची.

ही कल्पना ऐकायला साधी आहे. डिस्क, टेप, छपाईयंत्र, टंकयंत्र या साऱ्या वस्तू वेगवेगळ्या, त्यांच्याशी बोलण्याची रीतही वेगवेगळी. रिची यांचे म्हणणे असे, की वापरणाऱ्याला हा भेद दिसताच कामा नये. प्रत्येक उपकरणाला फाइलीसारखेच एक नाव द्यावे. फाइल जशी उघडतो, वाचतो, लिहितो, तसेच उपकरणही उघडावे, वाचावे, लिहावे. आतला फरक संगणकाने निस्तरावा. डिस्कलाच असे नाव मिळाल्यावर अमुक नावाची डिस्क तमुक जागी जोड, असा आदेश देणे शक्य झाले. माउंट करण्याची वाट इथून सुरू होते.

थॉम्प्सन यांना केंद्रात एक जुना, कमी वापरातला पीडीपी-७ संगणक सापडला. त्यावर १९६९ च्या उन्हाळ्यात ही व्यवस्था प्रत्यक्ष उभी राहिली. तिला पुढे ‘युनिक्स’ हे नाव पडले. मल्टिक्सच्या नावावरचीच ती कोटी होती. एकात अनेक, तर दुसऱ्यात एक.

डिस्क येईपर्यंत घोड्याची चाल

युनिक्सला स्वतःचे यंत्र मिळाले तेही वळसा घालून. कार्यप्रणाली घडवायची आहे, असे म्हटले तर नकार ठरलेला होता. म्हणून लेखन आणि छपाईसाठी मजकूर तयार करणारी व्यवस्था करायची आहे, असा प्रस्ताव गेला आणि सुमारे ६५ हजार डॉलर किमतीचा पीडीपी-११ मंजूर झाला. १९७० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस यंत्र आले, पण त्याची डिस्क आलीच नाही. ती डिसेंबरपर्यंत आली नाही. तोवर तो कोरा संगणक ६ बाय ८ घरांच्या बुद्धिबळाच्या पटावर घोड्याच्या फेऱ्या मोजत बसला होता. घोडा प्रत्येक घरात एकदाच जाऊन मूळ घरी परततो, अशा किती वाटा निघतात, याचे ते गणित. ते काम तीन महिन्यांचे होते.

डिस्क आली ती ५१२ किलोबाइटची. संगणकाची स्मृती २४ किलोबाइट. त्यातले १६ प्रणालीला आणि वापरणाऱ्याच्या कामाला उरलेले ८. आज फोनने काढलेल्या एका फोटोलाही ती सगळी डिस्क सहसा पुरणार नाही. एवढ्यातच बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट विभागातले तीन टंकलेखक आपले अर्ज टाइप करत आणि त्याच यंत्रावर रिची-थॉम्प्सन आपले प्रयोग करत.

जागा अशी तुटपुंजी असताना दुसरी डिस्क लागणार हे उघड होते. मग दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलींचा पत्ता कसा सांगायचा? त्या काळच्या, आणि नंतरच्याही, अनेक प्रणालींचे उत्तर होते की डिस्कला वेगळे नाव किंवा अक्षर द्यावे आणि प्रत्येक वेळी ते आधी लावावे. विंडोज संगणकातील ‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ ही त्याच रीतीची आठवण. यात वापरणाऱ्याला आपली फाइल कोणत्या यंत्रावर आहे हे सतत लक्षात ठेवावे लागते. डिस्क बदलली की पत्तेही बदलतात.

थॉम्प्सन आणि रिची यांनी वेगळा मार्ग घेतला. फाइलींचे झाड एकच असावे. त्याचे मूळ एका ठरलेल्या डिस्कवर असावे. दुसरी डिस्क आली की तिच्यावरचे स्वतंत्र झाड मूळ झाडाच्या एका टोकाला जोडावे. कोकणात आंब्याच्या रोपावर हव्या त्या जातीच्या फांदीचे कलम बांधतात, तसेच काहीसे. कलम जिवंत झाले की खालचे खोड कोणते आणि वरची फांदी कुठली, हे आंबा खाणाऱ्याला विचारावे लागत नाही. इथेही वापरणारा फांदीफांदीने पुढे जातो. वाटेत कुठेतरी एक डिस्क संपून दुसरी सुरू झाली, हे त्याला कळतही नाही. फरक एवढाच, की हे कलम हवे तेव्हा जसेच्या तसे उतरवता येते. या जोडणीच्या आदेशाचे नाव ‘माउंट’.

जोडणीचा एकच अपवाद

ही व्यवस्था जगापुढे आली ती थॉम्प्सन आणि रिची यांच्या एका निबंधातून. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो एका परिषदेत वाचला गेला आणि जुलै १९७४ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. त्यात त्यांच्या स्वतःच्या यंत्राचा तपशील आहे. मूळ झाड एका वेगवान, १ मेगाबाइटच्या कायमच्या डिस्कवर. लोकांच्या फाइली ४० मेगाबाइटच्या मोठ्या डिस्कवर. ती यंत्र सुरू होतानाच जोडली जाई. याखेरीज २.५ मेगाबाइटच्या चार लहान डिस्क. त्यांतली चकती काढून दुसरी घालता येई. ज्याने त्याने आपली चकती आणावी, जोडावी, काम करावे आणि उतरवून घेऊन जावे. आजच्या पेनड्राइव्हचा तो पूर्वजच म्हणायचा.

जोडलेली डिस्क आणि मूळ डिस्क यांत भेद नाही, या तत्त्वाला त्यांनी एकच अपवाद ठेवला. युनिक्समध्ये एकाच फाइलीला दोन-तीन ठिकाणी वेगवेगळी नावे देता येतात आणि सगळी नावे सारख्याच तोलाची असतात. पण एका डिस्कवरचे नाव आणि दुसऱ्या डिस्कवरची फाइल अशी गाठ मारायला त्यांनी मनाई केली. कारण सरळ होते. दुसरी डिस्क कोणी काढून नेली, तर पहिल्या डिस्कवरचे नाव कशाकडे बोट दाखवणार? अशा लोंबकळत्या नावांचा हिशेब ठेवायचा तर प्रणालीचा पसारा वाढला असता. मल्टिक्सच्या पसाऱ्याने पोळलेल्या या माणसांनी हिशेब वाढवण्याऐवजी एक सोय सोडून दिली. हा नियम आजही तसाच लागू आहे.

युनिक्सची नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली. या पुस्तिकेत आदेशांखाली त्यांचे दोषही छापण्याची प्रथा होती. पुढे माउंटच्या खाली एक इशारा येई. कचरा भरलेली, म्हणजे मांडणी बिघडलेली डिस्क जोडली तर सगळा संगणक कोसळेल. आपल्याच वस्तूचा दोष आपणच छापण्याचा हा प्रामाणिकपणा त्या गटाच्या स्वभावात होता.

डिस्क अचानक उपटण्याचा धोकाही तेव्हापासूनचा आहे. डिस्क ही स्मृतीपेक्षा फार सावकाश चालते. म्हणून संगणक लिहायचा मजकूर आधी स्मृतीत जमा करतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. पुढच्या आवृत्त्यांत दर ३० सेकंदांनी हा साठा डिस्कवर उतरवणारा एक छोटा प्रोग्राम सतत चालू असे. अनमाउंट करणे म्हणजे उरलेसुरले लिहून टाकणे आणि मगच फांदी सोडवणे. आधीच उपटली तर अर्धे लिहिलेले अर्धेच राहते. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढा, या सूचनेचा अर्थ एवढाच आहे.

‘सी’ आणि उसना अधिकार

या सगळ्या काळात युनिक्स त्या त्या यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहिलेली होती. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहिणे आले. थॉम्प्सन यांनी ‘बी’ नावाची एक लहान भाषा तयार केली होती. रिची यांनी तिच्यात वाढ आणि बदल करत १९७१ ते १९७३ या काळात ‘सी’ घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा ‘सी’मध्ये पुन्हा लिहिला गेला आणि प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे आवाक्यात आले. ब्रायन कर्निगन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘सी’चे छोटेखानी पुस्तक १९७८ मध्ये आले आणि जगभर पाठ्यपुस्तक झाले. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी ही भाषा नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’मधून गिरवली. तिचा उगम मात्र न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील त्या प्रयोगशाळेत आहे.

रिची यांच्या नावावर याच काळातला आणखी एक शोध आहे आणि माउंटच्या पुढच्या इतिहासात तो महत्त्वाचा ठरला. पासवर्डची फाइल सर्वांना बदलता येऊ नये, पण प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड तर बदलता यावा, हा पेच होता. रिची यांनी प्रोग्रामच्या फाइलीवर एक छोटी खूण ठेवली. ती खूण असली की प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. म्हणजे माणसाला अधिकार न देता, ठरावीक कामापुरता तो प्रोग्रामला उसना द्यायचा. या कल्पनेसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये पेटंट मिळाले. ते पुढे सर्वांसाठी खुले करण्यात आले.

उसन्या अधिकाराला डिस्क जोडण्याच्या सोयीची जोड मिळताच एक फट दिसू लागली. कोणी आपल्या घरच्या यंत्रावर सर्वाधिकाऱ्याची खूण असलेला प्रोग्राम तयार केला, डिस्कवर घातला आणि ती डिस्क कार्यालयातल्या संगणकाला जोडली, तर? परक्या डिस्कवरची खूण मानणारा संगणक आपल्या किल्ल्या आपणच परक्याच्या हाती देईल. म्हणून डिस्क जोडताना अटी घालण्याची गरज निर्माण झाली.

अटींचे कोष्टक

सुरुवातीला जोडणीत ठरवण्यासारखे फारसे नव्हते. १९७१ च्या आवृत्तीत दुसरी डिस्क ‘यूएसआर’ या जागी जोडावी, हे सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्राममध्येच लिहून टाकलेले होते. बदल करायचा तर प्रोग्रामच बदलावा लागे. नंतर हे आदेश यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत आले. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीला तेव्हा संगणकाच्या धंद्यात उतरायला कायद्याने बंदी होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र किमतीत मिळे आणि तिथे ती वाढत गेली. १९८० मध्ये बर्कले विद्यापीठाच्या आवृत्तीत जोडण्यांचे एक वेगळे कोष्टक आले. त्याचे नाव ‘एफएस-टॅब’. लिनक्स चालवणाऱ्या प्रत्येक प्रशासकाला ही फाइल आज पाठ असते.

लिनक्समध्ये तिच्या एका ओळीत सहा रकाने असतात. कोणती डिस्क, झाडावर कुठे जोडायची, तिच्यावरची मांडणी कोणत्या प्रकारची, कोणत्या अटींवर जोडायची, तिची नक्कल राखायची का आणि सुरुवातीला तिची तपासणी कितव्या क्रमाने करायची. यातला चौथा रकाना सर्वांत मोलाचा. ‘फक्त वाचा’ अशी अट घातली की त्या डिस्कवर कोणालाही काही लिहिता येत नाही. बहुतेक फोनमध्ये मूळ प्रणालीचा भाग याच अटीवर जोडलेला असतो, म्हणून एखादे बिघडलेले अ‍ॅप सहजासहजी त्याला हात लावू शकत नाही. ‘नोएक्झेक’ म्हटले की डिस्कवरचा प्रोग्राम तिथून थेट चालत नाही. ‘नोसुइड’ म्हटले की रिची यांची उसन्या अधिकाराची खूण त्या डिस्कपुरती मानली जात नाही. ‘नोडेव्ह’ म्हटले की रिची यांच्याच उपकरण-फाइली तिथे निष्प्रभ होतात. परक्या डिस्कला घरात घ्यायचे, पण घराच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, अशी ही व्यवस्था.

आणखी एक अट वेगाशी निगडित आहे. युनिक्स प्रत्येक फाइल शेवटची कधी वाचली, याची वेळ नोंदवते. म्हणजे नुसते वाचले तरी डिस्कवर काहीतरी लिहावे लागते. ‘नोएटाइम’ ही अट घातली की ही नोंद थांबते आणि डिस्कवरचा भार हलका होतो.

या कोष्टकातली एक चूक महागात पडू शकते. डिस्कचे नाव चुकले किंवा जोडलेली डिस्क काढून टाकली आणि ओळ तशीच राहिली, तर यंत्र सुरू होताना तिची वाट पाहत अडून बसू शकते. म्हणून आजकाल डिस्कचा क्रम सांगणाऱ्या नावाऐवजी तिच्यावरच्या फाइल व्यवस्थेचा कायमचा ओळखक्रमांक लिहितात. नसली तरी चालेल अशा डिस्कपुढे ‘नोफेल’ लिहितात, म्हणजे ती सापडली नाही तरी यंत्र पुढे जाते. शिवाय बदल केल्यावर यंत्र बंद करण्याआधीच सगळ्या जोडण्या एकदा करून पाहणे शहाणपणाचे.

प्रत्येकाचे झाड वेगळे

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅबोरेटरीजच्या त्याच केंद्रात ‘प्लॅन ९’ ही नवी प्रणाली आकाराला आली. ती प्रामुख्याने रॉब पाइक, केन थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. रिची विभागप्रमुख या नात्याने तिच्या पाठीशी होते. सर्व काही फाइल, हे सूत्र तिथे टोकाला नेले गेले. दूरच्या संगणकावरच्या गोष्टीही फाइलींच्या झाडात जोडता येऊ लागल्या. आणि हे झाड संपूर्ण संगणकासाठी एकच न राहता प्रत्येक प्रोग्रामला आपापले असू लागले. एकाला जी फांदी दिसते ती दुसऱ्याला दिसेलच असे नाही.

प्लॅन ९ बाजारात चालली नाही. पण ही कल्पना २००२ च्या सुमारास लिनक्समध्ये आली. आज ज्याला ‘कंटेनर’ म्हणतात, त्या तंत्रात एकाच यंत्रावर अनेक कंपन्यांची कामे शेजारी शेजारी चालतात आणि एकमेकांच्या फाइली कोणालाच दिसत नाहीत. त्याच्या पायांपैकी एक म्हणजे प्रत्येकाला वेगळे झाड देण्याची ही युक्ती. तिकीट काढताना किंवा बँकेचे व्यवहार करताना पलीकडे अनेकदा हीच यंत्रणा असते.

आवाज न करता

मान रिची यांच्या वाट्याला भरपूर आला. १९८३ मध्ये थॉम्प्सन यांच्यासह संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले आणि २०११ मध्ये जपान पुरस्कार. ते आयुष्यभर एकाच संस्थेत राहिले आणि २००७ मध्ये निवृत्त झाले. सभा-समारंभांत मिरवण्यापेक्षा नीट लिहिलेल्या एखाद्या पत्रातून शंका सोडवणे त्यांना पसंत होते. सहकारी त्यांना ‘डीएमआर’ या आद्याक्षरांनी ओळखत. युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेतही आदेशांच्या कर्त्याचे नाव म्हणून हीच तीन अक्षरे ठिकठिकाणी दिसतात.

अखेरच्या वर्षांत प्रकृती खालावत गेली. प्रोस्टेटच्या कर्करोगावर आणि हृदयविकारावर उपचार झाले होते. न्यू जर्सीतील बर्कले हाइट्स येथे ते एकटे राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरी मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षे. त्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज गेले होते. जगभरच्या वर्तमानपत्रांची पहिली पाने जॉब्ज यांनी भरली होती. रिची यांच्या निधनाची वार्ता त्यांचे जुने सहकारी रॉब पाइक यांच्याकडून बाहेर आली आणि सुरुवातीला ती संगणकाचे काम करणाऱ्यांमध्येच फिरली. जॉब्ज यांच्या कंपनीचे संगणक आणि फोन ज्या प्रणालीवर चालतात, तिचे मूळ रिची यांच्या युनिक्सच्या बर्कले शाखेत आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

ज्यांना ते ठाऊक होते, त्यांनी आपल्या परीने निरोप दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेली लिनक्सची ‘फेडोरा १६’ ही आवृत्ती आणि जानेवारी २०१२ मध्ये आलेली ‘फ्रीबीएसडी ९.०’ या दोन्ही रिची यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आल्या. १९६८ चा तो हरवलेला प्रबंधही पुढे कुटुंबीयांकडे सापडला आणि कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने तो सर्वांसाठी खुला केला.

फेडोरा असो की फ्रीबीएसडी, सुरू होताना दोन्ही प्रणाली जवळजवळ पहिले काम तेच करतात. मूळ डिस्क शोधतात, कोष्टक उघडतात आणि एकेक डिस्क तिच्या तिच्या जागी, तिच्या तिच्या अटींवर जोडत जातात. बंद होताना त्याच उलट क्रमाने सोडवतात.